‘मोठी बॅटरी गेली’ असं कुणी म्हणालं तर आधी हे बघा: गोव्यात जुनी हायब्रिड गाडी सांभाळताना या चुका टाळा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं सामान आणायला म्हापशाच्या बाजारात जायचं होतं. गाडी तीन आठवडे ताडपत्रीखाली उभी होती, कारण पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बटण दाबलं तर पडद्यावर सात-आठ दिवे एकदम लागले, मधोमध ‘हायब्रिड सिस्टम तपासा’ असा इशारा आला, कुठेतरी रिलेची टकटक झाली आणि सगळं विझलं. गॅरेजमधून माणूस आला, त्याने स्कॅनर लावला आणि सांगितलं, मोठी बॅटरी गेली. खर्चाचा आकडा लाखांत होता. सणाच्या तोंडावर घरात सगळ्यांचे चेहरे पडले.

दुसऱ्या दिवशी भाचा गणपतीला आला. तो आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन आहे. आरती झाल्यावर म्हणाला, “मामा, चला, आधी डिकीतली छोटी बॅटरी बघूया.” त्याने मीटरच्या दोन सुया लावल्या. ९.८ व्होल्ट. बारा व्होल्टची ती बॅटरी पूर्ण बसली होती. नवी घातली, गाडी ‘रेडी’ झाली, आणि मोठी बॅटरी आजही तीच आहे.

त्या दिवसापासून पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणीही जुनी हायब्रिड घेतली की मी त्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत या गाड्या बहुतेक वेळा छोट्या गोष्टींनी अडतात. त्या तपासल्याशिवाय मोठ्या बॅटरीच्या कागदावर सही करू नका.

आपण कुठल्या हायब्रिडबद्दल बोलतोय?

भारतात टोयोटाची कॅमरी हायब्रिड २०१३ मध्ये आली, लेक्ससने २०१७ मध्ये दुकान मांडलं आणि ईएस ३००एच रस्त्यावर दिसू लागली. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. बाहेरून चार्ज न करता स्वतःच पेट्रोल इंजिन आणि ब्रेकवर वीज बनवणारी ही हायब्रिड. त्यांची मोठी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची, ३४ मॉड्यूलची, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या छोट्या बॅटऱ्यांची, प्रत्येक मॉड्यूल ७.२ व्होल्ट, एकूण २४४.८ व्होल्ट. ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड यांची तऱ्हा वेगळी. एकीचा सल्ला दुसरीला लावणं ही पहिली चूक. मी खाली लिहितोय ते मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल.

छोट्या बॅटरीकडे दुर्लक्ष

या गाडीला नेहमीचा स्टार्टर नाही आणि नेहमीचा अल्टरनेटरही नाही. इंजिन फिरवण्याचं काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. पण ती मोठी बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, जुळायला आणि सगळे कॉम्प्युटर जागे व्हायला बारा व्होल्ट लागतात. ते कमी पडले की कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि ज्याला जे सुचेल तो इशारा देतो. म्हणूनच बसलेल्या छोट्या बॅटरीमुळे ब्रेकपासून हायब्रिडपर्यंत सगळे दिवे एकदम लागतात. एकाच दिव्यापेक्षा असे सगळे दिवे एकदम दिसले तर माझा पहिला संशय तिच्यावरच जातो.

रात्रभर उभ्या गाडीत मीटरवर १२.५-१२.६ व्होल्ट दिसले तर ठीक. १२ च्या खाली असेल तर ती थकली आहे. गाडी ‘रेडी’ केल्यावर तोच आकडा १४ च्या आसपास चढायला हवा. नाही चढला तर मोठ्या बॅटरीतून छोटीला वीज देणारा कन्व्हर्टर किंवा त्याची जोडणी बघावी लागेल. हा मीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो. गाडीत एक ठेवाच.

बदलताना दुकानदार म्हणेल, साधी बसते, निम्म्या किमतीत. घेऊ नका. बॅटरी डिकीत, म्हणजे माणसं बसतात त्याच बंद जागेत असते. म्हणून तिथे एजीएम जातीची, गॅस बाहेर नेणारी नळी लागणारी बॅटरी हवी, आणि ती नळी परत जोडलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणखी दोन सवयी बॅटरी खातात. एक, गाडी ‘रेडी’ न करता नुसत्या ॲक्सेसरीवर गाणी ऐकत बसणं. जत्रेत किंवा किनाऱ्यावर हे फार होतं. दुसरी, स्मार्ट चावी गाडीच्या अगदी जवळच्या खोलीत टांगून ठेवणं, कारण मग गाडी आणि चावी एकमेकींना हाका मारत राहतात. चावी आतल्या खोलीत ठेवा.

जंप देण्याची वेळ आली तर डिकी विजेवरची असल्यामुळे उघडत नाही. बहुतेक अशा गाड्यांत बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात जंपसाठी वेगळं लाल टर्मिनल दिलेलं असतं. ते आज, गाडी धड असताना, शोधून ठेवा. वायर उलट लावली तर नुकसान मोठं होतं, आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याचा टेम्पो चालू करून देण्याचा चांगुलपणा दाखवू नका.

बॅटरीचा श्वास कोंडणं

मोठी बॅटरी मागच्या सीटच्या मागे असते आणि ती गाडीतल्याच हवेने थंड होते. मागच्या सीटजवळ किंवा पार्सल ट्रेजवळ एक जाळी दिसेल. तिथून पंखा हवा ओढतो. त्या जाळीवर आपण काय ठेवतो? उशी, नारळाची पिशवी, पोरांची दप्तरं. डिचोली-सांगे भागातली तांबडी धूळ, किनाऱ्यावरची बारीक वाळू, कुत्र्याचे केस आत जाऊन पंख्याच्या पात्यांवर चिकटतात. माझ्या गाडीची जाळी पहिल्यांदा काढली तेव्हा गोधडीतल्या कापसासारखा राखाडी थर निघाला, बोटभर जाड.

जाळीत फिल्टर असेल तर तो दर सहा महिन्यांनी काढून झटका, साध्या व्हॅक्यूमने ओढा. नसेल तर पंखा उघडून साफ करण्याचं काम वर्षातून एकदा वर्कशॉपकडून करून घ्या. एप्रिल-मे मध्ये एसी बंद करून पेट्रोल वाचवू नका. गाडीतली हवा गार नसेल तर बॅटरी गार होत नाही, आणि निकेलच्या बॅटरीचं आयुष्य उष्णताच कमी करते.

ब्रेक आणि गंज

हा भाग मी जरा लांबवतो, कारण गोव्यात हीच तक्रार सर्वांत जास्त येते आणि सर्वांत कमी समजली जाते. हायब्रिडमध्ये वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते, त्यातून वीज परत बॅटरीत जाते. म्हणजे ब्रेक पॅड आणि डिस्क यांना काम कमी. ब्रेक वर्षानुवर्षं टिकतात, असं विकणारा सांगतो. ते कोरड्या हवेत खरं आहे. मिरामार, कळंगुट, वास्को, कोलवा इथल्या समुद्राच्या वाऱ्यात कामच नसलेल्या डिस्कवर गंज चढतो आणि डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या स्लाइड पिना कोरड्या पडून अडकतात. मग पॅड एका बाजूने झिजतं, गाडी ब्रेक लावताना एका अंगाला ओढते, आणि एखादं चाक बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापतं. प्रवास संपल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघा, फक्त डिस्कला चिकटवू नका.

पावसानंतर सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर आली आणि मग थांबली तर घाबरू नका. दिवसभर राहिली तर चाक काढून बघायला हवं. रस्ता रिकामा आणि सरळ असेल, मागे कुणी नसेल, तर गाडी न्यूट्रलला टाकून चार-पाचदा हळुवार ब्रेक लावा. न्यूट्रलमध्ये मोटर वीज बनवत नाही, त्यामुळे खरी डिस्क घासली जाते. दर वर्षी पावसाळ्याआधी कॅलिपर उघडून पिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांनी बदला.

पण हे काम कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे देताना एक गोष्ट आवर्जून सांगा. या गाडीचा ब्रेक पंप दार उघडलं तरी आपोआप सुरू होऊन दाब तयार करू शकतो. कॅलिपरमध्ये बोटं असताना असं झालं तर हात जायबंदी होईल. म्हणून पंप बंद करण्याची आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याची पद्धत स्कॅनरवरूनच करायची असते.

एसीचा गॅस भरताना तेलाची चूक

ही चूक महाग आहे आणि अगदी सहज होते. हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो. त्याची मोटर तेल आणि गॅसच्या थेट संपर्कात असते, म्हणून तेल वीज न वाहणारं लागतं, एनडी-११ जातीचं. गॅरेजच्या मशीनमध्ये आधीच्या गाडीचं पीएजी तेल, म्हणजे पट्ट्यावरच्या साध्या एसीचं, उरलेलं असतं. ते थोडं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन कमी होतं आणि गाडी पी०एए६ हा इन्सुलेशन बिघडल्याचा कोड देऊन हायब्रिड बंद करते. बिचारा मालक बॅटरी तपासत बसतो. गॅस भरण्याआधी विचारा: या गाडीसाठी मशीन वेगळं धुतलंय का? तेल कोणतं? उत्तर पटलं नाही तर तसेच परत या.

चोर्ला घाटातला आवाज

बेळगावहून चोर्ला उतरून केरी-साखळीकडे येताना अर्ध्या घाटात अचानक इंजिन ओरडू लागतं, ॲक्सिलरेटरला पाय नसतानाही. बॅटरी पूर्ण भरली की तिला आणखी वीज घेता येत नाही, मग गाडी जास्तीची शक्ती इंजिन फिरवण्यात घालवते. हा बिघाड नाही. उतारासाठी गिअरमध्ये ‘बी’ किंवा ‘एस’ असेल तो आधीच लावा, ब्रेकवर भार कमी येतो. मात्र ट्रॅफिकमध्ये किंवा फेरीबोटीच्या रांगेत गाडी ‘रेडी’ ठेवून ‘एन’ मध्ये उभी करू नका. ‘एन’ मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी तीच खात राहतो. ‘पी’ लावा.

कूलंट आणि उंदीर

बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरला इंजिनपेक्षा वेगळी कूलंटची टाकी असते. ती खाली गेली तर गुलाबी सुपर लाँग लाइफच घाला. विहिरीचं पाणी नको, हिरवं कूलंट नको. पातळी पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर गळती शोधा, भरत बसू नका. पावसात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्च मारा, लेंड्या किंवा कुरतडलेली वायर दिसते का बघा. नारिंगी रंगाची, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या विजेची, केबल कुरतडलेली दिसली तर हात लावायचा नाही, गाडी चालू करायची नाही, आणि फ्लॅटबेडवर, म्हणजे चारही चाकं वर घेणाऱ्या ट्रकवर, उचलून न्यायची. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेली तर मोटर फिरते आणि वीज बनते. ओढायचंच असेल तर फ्लॅटबेडच मागवा.

घेतानाच फसणं

गाडी बाहेरच्या राज्यातून येत असेल तर पुराचा विचार करा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, वर न येणाऱ्या भागावर वाळलेल्या गाळाची रेघ दिसते. डिकीचं कार्पेट उचलून बॅटरीच्या कव्हरचे स्क्रू गंजलेत का बघा. मग स्कॅनर लावायला सांगा आणि ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ हा आकडा विचारा. तो २०-३० असेल तर कुणीतरी काल-परवा दिवे पुसून तुम्हाला गाडी दाखवली आहे.

बॅटरी खरंच गेली असेल तर

स्कॅनरवर मोठी बॅटरी बदला सांगणारा पी०ए८० हा कोड आला तर नुसता कोड पाहून निर्णय घेऊ नका. जोर देऊन गाडी चालवताना प्रत्येक ब्लॉकचे व्होल्ट बघायला सांगा. ३४ मॉड्यूलचे १७ ब्लॉक असतात, साधारण १४.४ व्होल्टचे. सोळा जवळपास सारखे आणि एकच सतत दीड-दोन व्होल्टने खाली पडतोय, तर तो ब्लॉक कमजोर आहे. पण आपल्या दमट हवेत मॉड्यूल जोडणाऱ्या पट्ट्यांवर आणि बारीक वायरींवर हिरवा गंज चढतो आणि त्यामुळेही आकडा चुकीचा येतो. ते साफ करून पुन्हा मोजल्याशिवाय बॅटरी बदलू नका.

हे काम घरी करायचं नाही. मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही किमान दहा मिनिटं थांबावं लागतं, कारण इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. हातमोजे हजार व्होल्टचे लागतात. आणि फक्त एकच मॉड्यूल बदलून देतो म्हणणाऱ्याला मी नकार देतो. जुन्या तेहतीसांच्या रांगेत एक नवं बसवलं की थोड्याच दिवसांत दुसरं कमजोर पडतं, मग तिसरं. खराबच झाली असेल तर पूर्ण पॅक घ्या, वॉरंटी लेखी घ्या.

माझी गाडी हल्ली पावसाळ्यातही दर रविवारी बाहेर पडते. तीस-चाळीस किलोमीटर, एसी चालू, वाटेत रिकाम्या जागी चार-पाच ब्रेक. परत आल्यावर डिकीत मीटर लावतो आणि आकडा दाराच्या मागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. गेल्या रविवारचा आकडा १२.६ आहे.