वेबसाइटवर लाइव्ह चॅट घेताय? आधी एवढं बघा

कोल्हापुरी चप्पल नाहीतर गूळ ऑनलाइन विकत असाल तर चॅट सॉफ्टवेअरच्या डेमोवर जाऊ नका भावांनो, फ्री ट्रायल घेऊन आपल्याच साइटवर टाका आणि साध्या फोनवरून मोबाइल डेटावर उघडा, पेज जड झालं तर गिऱ्हाईक थांबत नाही. मग "८ नंबर हाय का, चावंल का चप्पल" असं टाइप करा, इंग्रजी अक्षरातलं मराठी पण टाका, आणि बॉटला (आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला) कळलं नाही तर चॅट माणसाकडं लगेच जातंय का बघा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. रात्री महाद्वार रोडचं दुकान बंद झाल्यावरचा मेसेज फोन नंबरासकट राहायलाच पाहिजे. बऱ्याच कंपन्या पर एजंट (म्हणजे चॅटवर उत्तरं देणाऱ्या प्रत्येक माणसामागं), दर महिन्याला, डॉलरमध्ये पैसे घेतात, त्यामुळं दिवाळीला दोन पोरं वाढवली तर बिल किती होईल ते आधीच विचारा.