बुलेटचा अल्टरनेटर बदलण्याआधी
जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटची बॅटरी सारखी उतरत असेल, तर लगेच नवा अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा भाग) घेऊ नका. बॅटरी पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर तिच्या टोकांना लावा आणि गाडीला रेस द्या. १२ व्होल्टच्या गाडीत आकडा १४ च्या आसपास चढायला हवा. चढत नसेल, तर आधी वायरी जोडणारे कपलर आणि अर्थिंगची वायर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली जागा घासून साफ करा. बरेचदा दुखणं तिथंच असतं. १५ च्या वर गेला, तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदला, नाहीतर बॅटरी उकळेल. स्टेटर (अल्टरनेटरचा स्थिर भाग) खरंच बदलावा लागला, तर त्याच्या आत फिरणाऱ्या रोटरभोवतीची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गोल फिरून तपासा, सगळीकडे निदान ०.२ मिमी. घाईत हेच राहून जातं, आणि रोटर एका जागी जरी घासला तरी नवा स्टेटर वाया जातो.