कोयता कधी निघणार, हे आधी विचारा

नव्या सिस्टर पोरींनो, तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवायची कॉपर-टी, तिच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं की पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता. पण पहिले दिवस मॉडेलवरच जातात. तिथं मी एकच चूक दहादा केली: आतली दांडी पुढं ढकलायची. दांडी जागेवर धरायची आणि नळी मागं ओढायची, मग तांबीचे हात आपोआप उघडतात. मॅडम चेकलिस्ट घेऊन शेजारी उभ्या असायच्या. मॉडेलवर हात बसल्याशिवाय बाईजवळ पाठवत नाहीत, ते बरंच आहे.

हात महिन्याभरात बसतो हो. बोलायला शिकायलाच मला वेळ लागला.

माझं उपकेंद्र बीड जिल्ह्यात, अर्धं गाव ऊसतोडीला जाणारं. तोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला इकडं कोयता म्हणतात. एका बाईला श्रावणात अंतराची, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायची सुई दिली, जागा चोळू नको म्हणून सांगितलं, कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख घातली आणि मोकळी झाले. त्या तारखेला ती कारखान्यावर, फडात. सुईला चार आठवडे उशीर झाला तरी चालतो, पण ती परतली थेट चैत्रात, दिवस राहिलेली. मला म्हणाली, "तुमी इचारलं कुटं, सिस्टर, आमी कवा जाणार ते?"

तेव्हापासून पहिला प्रश्न तोच. सहा महिने बाहेर राहणार असेल तर तांबीचं नीट समजावते. ३८०ए ही तांबी दहा वर्षं चालते. छाया, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी हवी असेल तर गोळ्या मोजून सोबत देते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, वार ठरलेले. अंतराच हवी असेल तर कार्ड पिशवीत ठेवायला लावते, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येतं.

"तांबी काळजात चढती म्हनं?" असं सासूबाई विचारतील. हसू नका. मॉडेल पुढं करा, गर्भपिशवी वरून बंद असते ते त्यांच्या बोटानं चाचपू द्या.

आणि रक्तस्रावाचं आधीच सांगा. तांबीनं सुरुवातीला पाळी जास्त जाते, अंतरानं मागंपुढं होते, कधी थांबतेही. हे ठाऊक नसलं की बाई घाबरून खाजगीत जाते. २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या खाजगी दवाखान्यांत काढण्यावरून बीडची चौकशी झाली, ते विसरू नका.

माझ्या रजिस्टरात मी पट्टीनं एक जास्तीचा रकाना आखलाय: 'कधी जाणार, कधी येणार'. सुपरवायझर बाईंनी दोनदा विचारलं, हे काय काढलंय म्हणून.