सिडनीत नवीन आलात? आधी झेंडे शोधा, मग पाण्यात उतरा

टॅक्स फाइल नंबर कसा काढायचा, घर भाड्याने कसं मिळवायचं हे सांगणारे इथे चिक्कार भेटतील. वेंटवर्थव्हिलला कुठल्या दुकानात चांगली तूरडाळ मिळते हेही लोक न विचारता सांगतात. समुद्राबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आपण कोकणात गेलेलो असतो, गणपतीपुळ्याला पाय भिजवलेले असतात, त्यात काय सांगायचं? आणि पहिल्याच डिसेंबरात नवी मंडळी नको तिथे पाण्यात उतरतात. दरवर्षी.

बीचवर जायला तिकीट लागत नाही. भरतीच्या रेषेखालची वाळू बहुतेक ठिकाणी सार्वजनिक आहे, मागे कितीही कोटींचा बंगला असो. पैसे जातात ते पार्किंगला. बाँडायला गाडी नेऊच नका. बाँडाय जंक्शनपर्यंत ट्रेन, पुढे ३३३ नंबरची बस. मॅनलीला सर्क्युलर कीवरून फेरीने जा. बऱ्याच किनाऱ्यांवर दारूला आणि कुत्र्यांना मनाई असते. पाटी वाचा, ती शोभेला लावलेली नसते.

आता मुद्द्याचं. लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या मधेच पाण्यात उतरायचं. वाऱ्या-लाटांप्रमाणे ते दिवसभरात हलवतात, म्हणजे सकाळची जागा दुपारी चालेलच असं नाही. नुसता लाल झेंडा म्हणजे पाणी बंद. लाल-पांढरा फडकला की सगळ्यांनी ताबडतोब बाहेर. काळा-पांढरा चौकटींचा झेंडा सर्फबोर्डवाल्यांची हद्द दाखवतो. तिथे पोहलात तर बोर्ड डोक्यात बसेल.

आपल्या लोकांची चूक ठरलेली आहे. चाळीस जणांचा ग्रुप, पाच डबे पुलाव, दोन क्रिकेट बॅटी. झेंड्यांच्या मधे गर्दी, म्हणून शंभर पावलं पलीकडे सतरंज्या पसरतात. तिथे पाणी कसं छान शांत दिसतं! दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या गडद पट्ट्यात एकही लाट नाही. मुलं तिथेच शिरतात. तो शांत पट्टा म्हणजेच रिप. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत समुद्रात जायला वाट शोधतं, ती वाट खोल असते, आणि खोल पाण्यात लाट फुटत नाही. म्हणून ती शांत दिसते. जोरदार रिप सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेगाने आत ओढते. पुन्हा सांगतो: लाटा फुटत नाहीत ती जागा सुरक्षित नाही. झेंड्यांच्या बाहेर मोकळी जागा दिसली, तर ती मोकळी का आहे हे आधी विचारा.

आणि 'आम्ही फक्त गुडघ्यापर्यंत' हे मला सांगू नका. वाळूचा बांध एकाएकी संपतो आणि पुढच्या पावलाला गळ्याइतकं पाणी लागतं. ६ फेब्रुवारी १९३८ ला बाँडायला असेच शेकडो लोक वाळूच्या बांधावर उभे होते. लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि सगळे आत ओढले गेले. सुमारे अडीचशे जणांना बाहेर काढलं, तरी पाच जण गेले. त्या दिवशी लाइफसेव्हर मोठ्या संख्येने तिथे हजर होते, म्हणून आकडा पाचावर थांबला.

रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ हात मारू नका, दमून जाल. रिप पाण्याखाली ओढत नाही, आत नेते आणि लाटांच्या पलीकडे तिचा जोर ओसरतो. पाठीवर तरंगा, एक हात वर करून हलवा. पोहता येत असेल तर आडवं, किनाऱ्याला समांतर जा, लाटा फुटताहेत तिकडे. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या काकांना हे पटवणं सगळ्यात कठीण. कडेचा माणूस वाचवायला उडी टाकतो आणि मग दोघांना काढावं लागतं. तेव्हा लाइफगार्डला हाक मारा. तो नसेल तर ००० हा इमर्जन्सी नंबर लावा. फोन जवळ ठेवून, तरंगणारं काहीतरी, अगदी एस्की (डबे गार ठेवायची पेटी) सुद्धा, बुडणाऱ्याकडे फेका.

लाल-पिवळी टोपी घातलेले बहुतेक लाइफसेव्हर स्वयंसेवक असतात. सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीपासून एप्रिलअखेरपर्यंत शनिवार-रविवारी पहारा देतात. इतर दिवशी मोठ्या बीचवर कौन्सिलचे पगारी लाइफगार्ड असतात. वाचवल्याचे पैसे कुणी घेत नाही. ॲम्ब्युलन्सचं मात्र बिल येतं, आणि आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर ते तुमच्याच माथी. त्यांचा विमा आधी उतरवा.

पावसानंतर समुद्रात एक दिवस आणि हार्बरमध्ये तीन दिवस उतरू नका, गटारांचं पाणी येतं. निळा ब्लूबॉटल (जेलीफिशसारखा जीव) डसला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं. व्हिनेगर उत्तरेकडच्या जेलीफिशसाठी, इथे नको.

मासेवाल्यांना वेगळं सांगायला हवं. गळ टाकायला मोठ्या माणसाला परवाना फी भरावी लागते. खडकावर उभं राहून मासेमारी करणं हा इथला फार जीवघेणा छंद आहे. बऱ्याच ठिकाणी लाइफजॅकेट कायद्याने सक्तीचं आहे. तिसऱ्यांसारख्या पिपी वाळूत दिसल्या तरी न्यू साउथ वेल्समध्ये खायला नेता येत नाहीत. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला, म्हणजे आपल्या पॅरामॅटा नदीच्या बाजूला पकडलेला मासा खाऊ नये, असं सरकारच सांगतं. डायॉक्सिन या विषारी रसायनामुळे. फुकट मिळाला म्हणून कालवण करू नका.

पहिल्यांदा जायचंच तर बॅलमोरलला किंवा क्लॉन्टार्फला जा. दोन्ही ठिकाणी जाळी लावलेली जागा आहे आणि लाटा नाहीत. ब्राँटीला खडकात बांधलेला तलाव फुकट आहे. आईला, सासूबाईंना पंजाबी ड्रेसमध्ये सगळ्यांसमोर पाण्यात उतरायचा संकोच वाटत असेल, तर कूजीचे मॅकायव्हर्स लेडीज बाथ्स आहेत. तिथे फक्त बायका आणि मुलं. नाममात्र फी घेतात. पुरुषांनी तोवर वरच्या हिरवळीवर डबे सांभाळावेत.