ख्रिस्ती संस्था चालवताना या चुका टाळा

ख्रिस्ती संस्थेची बैठक प्रार्थनेने सुरू होते आणि प्रार्थनेनेच संपते. गडबड होते ती मधल्या वेळात.

"देवाने हे माझ्या मनात घातलंय," असं प्रमुखाने म्हटलं की बाकीचे गप्प बसतात. आता विरोध करायचा म्हणजे देवालाच विरोध! माझ्या मते हे वाक्य बैठकीत उच्चारूच नये. प्रस्ताव मांडा, खर्च आणि धोके सांगा, मग मिळून प्रार्थना करा. बायबलमध्ये यरुशलेमेचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्यानेही प्रार्थना केलीच होती, पण लोकांना कामाला लावण्याआधी रात्री फिरून पडक्या तटाची पाहणीही केली.

सर्वांत महागात पडते ती पैशाची भिडस्त वागणूक. हिशेब मागितला की "विश्वास नाही का?" असा उलट प्रश्न येतो. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी प्रेषित पौलाने एकट्याने हाताळली नाही. मंडळ्यांनी (म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चनी) निवडलेला माणूस सोबत घेतला. कोणी दोष लावू नये, प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख असावा, असं कारणही त्याने लिहून ठेवलं (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय 8). तेव्हा धनादेशावर दोन सह्या असाव्यात आणि त्या नवरा-बायकोच्या नसाव्यात. प्रमुखाचा पगार संस्थेच्या कार्यकारी मंडळाने ठरवावा, तोही प्रमुख खोलीबाहेर असताना. एका कामासाठी आलेली देणगी दुसरीकडे वळवायची असेल तर आधी देणाऱ्याला विचारा. घोळ आधीच झाला असेल तर बाहेरचा लेखापरीक्षक बोलवा आणि अहवाल सभासदांसमोर ठेवा.

क्षमेच्या नावाखाली होणारी चूक याहून गंभीर. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात, कोणी आपला अपराध केला तर आधी एकांतात बोला, मग एक-दोन जणांना घेऊन जा, असा क्रम आहे. त्याचा आधार घेऊन लैंगिक छळाची तक्रार करणारीलाच आरोप असलेल्या माणसाकडे एकटीला पाठवणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. अशा वेळी आरोप असलेल्याला आधी कामावरून दूर करा, चौकशी बाहेरच्यांकडे द्या, आणि गुन्हा असेल तर पोलिसांत जा. क्षमा केली म्हणून पद परत द्यावं लागत नाही. बायबलमधल्या एली याजकाने गैरवर्तन करणाऱ्या आपल्या याजक मुलांना बोल लावले, पण याजकपदावरून काढलं नाही. दोष त्याच्यावरही आला.

"ही सेवा आहे" म्हणत कर्मचाऱ्यांचे पगार थकवू नका. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे येशूचेच शब्द आहेत.

आणि तक्रारीला कुरकुर समजू नका. यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात वगळल्या जात होत्या. प्रेषितांनी सगळ्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितलं. त्या सातांची नावं वाचा, सगळी ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच लोकांकडे वाटप सोपवलं गेलं.