वर्षभरात पाहिलेल्या सिनेमांचा हिशेब कसा मांडावा

डिसेंबर उजाडला की 'वर्षातले दहा सर्वोत्तम सिनेमे' सुरू होतात. समीक्षकांच्या त्या याद्या त्या वर्षी प्रदर्शित झालेल्या सिनेमांच्या असतात. आपण पाहिलेल्या सिनेमांची यादी वेगळीच असते. तिच्यात पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा कृष्णधवल असतो, रविवारी दुपारी टीव्हीवर अर्ध्यातून सापडलेला असतो, ट्रॅव्हल्सच्या गाडीत ड्रायव्हरने लावला म्हणून पाहावा लागलेलाही असतो. ही यादी आपली आपणच करायची असते. दोन निवांत संध्याकाळी पुरतात.

आधी वर्ष कुठून कुठे धरायचं ते ठरवा. जानेवारी ते डिसेंबर सोयीचं आहे, पण पाडवा ते पाडवा किंवा दिवाळी ते दिवाळी धरलं तरी काही बिघडत नाही. दरवर्षी तेच धरा म्हणजे झालं. पुण्याचा पिफ किंवा गोव्याचा इफ्फी हे चित्रपट महोत्सव गाठणाऱ्यांनी मात्र महोत्सवातल्या सिनेमांना वेगळं पान द्यावं. दिवसाला चार-पाच सिनेमे पाहिलेला तो एक आठवडा बाकीच्या वर्षाचे सगळे आकडे वाकडे करतो.

आधी आठवा, मग शोधा

बहुतेक लोक इथेच उलटं करतात. मोबाइल उघडतात, पाहिलेल्या सिनेमांची यादी काढतात आणि तिच्यावरून बोट फिरवत 'हा छान होता, हा ठीक होता' म्हणतात. तसं करू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कोरा कागद घ्या आणि जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने लिहा. नाव आठवत नसेल तर 'तो दोन भावांचा, शेवटी पाऊस पडतो तो' एवढंच लिहा. घरातल्या कुणालाही विचारू नका. अर्ध्या तासाने हात थांबेल. कागद फ्रिजवर लावून ठेवा आणि पुढच्या दोन दिवसांत भाजी चिरताना, लोकलमध्ये आणखी काही आठवले तर भर घाला. मग खाली रेघ मारा. यानंतर या कागदात काहीही वाढवायचं नाही.

हा कागद पुढे फार कामाला येतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

आता पुरावे गोळा करा

नेटफ्लिक्सवर हे सगळ्यात सोपं आहे. ब्राउझरमधून खात्यात जा, आपलं प्रोफाइल निवडा आणि पाहिलेल्या गोष्टींचं पान उघडा. तळाशी सगळी यादी डाउनलोड करायची सोय आहे. सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल मिळते आणि ती एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये उघडते. तिच्यात नाव आणि तारीख एवढंच असतं. मालिकेचा प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत येतो, त्या ओळी आधी काढून टाका. पाच मिनिटं पाहून बंद केलेला सिनेमाही यादीत येतो, त्याच्यापुढे 'सोडला' लिहा. तारखेत दिवस आधी आहे की महिना, हे तेरा किंवा त्यापुढचा आकडा असलेल्या एखाद्या ओळीवरून ताडून घ्या. नाहीतर ५ मार्चचा सिनेमा ३ मे रोजी जाऊन बसेल.

प्राइम व्हिडिओ आणि यूट्यूब यांचाही इतिहास खात्यात मिळतो. घरात सगळ्यांचं मिळून एकच प्रोफाइल असेल तर रात्री अकरानंतरचे हिंदीत डब केलेले मारधाडीचे सिनेमे बाबांचे, हे तुम्हाला सांगायला नको.

थिएटरसाठी बुक माय शोमधली जुन्या बुकिंगची यादी पाहा. खिडकीवर तिकीट काढलं असेल तर यूपीआयचा इतिहास चाळा. तिकिटाची नोंद सापडली नाही तरी इंटर्व्हलच्या पॉपकॉर्नची सापडते. कागदी तिकिटं जपून ठेवणाऱ्यांना एक सूचना: हल्लीची बरीच तिकिटं थर्मल कागदावर छापलेली असतात आणि उष्णतेने, उजेडाने त्यांवरचा मजकूर उडून जातो. आजच फोटो काढून ठेवा.

टीव्हीवरचे, विमानातले, फिल्म सोसायटीतले आणि मित्राच्या घरी पाहिलेले सिनेमे कुठेच नोंदलेले नसतात. त्यांच्यासाठी फोनमधले फोटो महिन्यानुसार चाळा. पोस्टरसमोरचा सेल्फी, थिएटरबाहेरची भेळ, कुठल्या तरी लग्नाच्या आदल्या रात्रीची गर्दी यावरून बराच माग लागतो.

वही कशी आखावी

रकाने थोडे ठेवा. पंधरा रकाने आखले की तिसऱ्या सिनेमालाच कंटाळा येतो. तारीख, नाव, प्रदर्शनाचं वर्ष, मूळ भाषा, कुठे पाहिला, कुणाबरोबर, कुणी सुचवला, पूर्ण पाहिला का आणि पाचांपैकी किती तारे, एवढं पुरे. मूळ भाषा लिहिताना तेलुगू सिनेमा हिंदीत पाहिला असेल तर 'तेलुगू, हिंदी डब' असं लिहा. या एका नोंदीने वर्षाचं चित्र पुष्कळ बदलतं. 'मी सगळ्या भाषांतले सिनेमे पाहतो' म्हणणाऱ्याच्या कानावर वर्षभर फक्त हिंदीच पडलेली निघते.

पैशाचा रकाना ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मी तो ठेवावा म्हणेन, कारण दर कमी झाला की आपण काय पाहतो ते त्यातून दिसतं. राष्ट्रीय चित्रपट दिनाला, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२३ आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी, देशभरातल्या बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये तिकीट ९९ रुपयांना होतं. असा एखादा दिवस तुमच्या यादीत असेल तर पाहा, त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळा सिनेमा निवडला होता का? ९९ रुपयांत जोखीम घेणारा माणूस साडेतीनशेत घेत नाही.

तासांची बेरीज करायची हौस असेल तर करा. सरासरी अडीच तासांचे चाळीस सिनेमे म्हणजे शंभर तास. आकडा भारदस्त दिसतो, पण त्यातून फारसं काही कळत नाही. सांगायला बरा असतो, एवढंच.

लेटरबॉक्सड हे सिनेमांची नोंद ठेवायचं अ‍ॅप वापरणाऱ्यांचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. तिथल्या डायरीत तारखा असतात, अर्ध्या ताऱ्यापासून पाचपर्यंत गुण देता येतात आणि सगळा तपशील सीएसव्हीत उतरवून घेता येतो. 'कुणाबरोबर' हा रकाना मात्र तिथे नाही आणि घरातल्या हिशेबात तोच सगळ्यात बोलका असतो.

दोन याद्या शेजारी ठेवा

आता फ्रिजवरचा कागद काढा आणि वहीशेजारी ठेवा. खरं सिंहावलोकन इथून सुरू होतं.

वहीत आहे पण कागदावर नाही, असे सिनेमे निवडा. यातले काही त्या रात्री तुम्हाला फार आवडलेले असतील, त्यांना साडेचार तारेही दिले असतील. वर्षाअखेरीला ते आपसूक आठवले नाहीत. असा सिनेमा वाईटच असतो असं नाही. कधी तो थकलेल्या संध्याकाळी पाहिलेला असतो, कधी खरोखरच नुसता चकचकीत असतो. पण त्याला 'वर्षातला सर्वोत्तम' म्हणण्याआधी थांबा.

उलटी बाजू जास्त गमतीची. त्या वेळी दोन तारे देऊन हिणवलेला सिनेमा कागदावर तिसऱ्या क्रमांकावर आलेला दिसतो. का आला ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर एखाद्याच प्रसंगात असतं.

एक सावधगिरी घ्या. कागदावर नोव्हेंबर-डिसेंबरचे सिनेमे जास्त असणारच, ताज्याची आठवण ताजी असते. म्हणून गुण द्यायला बसाल तेव्हा जानेवारी ते मार्चचे सिनेमे आधी घ्या आणि शेवटच्या दोन महिन्यांचे सगळ्यात शेवटी. फेब्रुवारीत पाहिलेला सिनेमा डिसेंबरात आपणहून कागदावर उतरला असेल, तर त्याला अर्धा तारा वाढवून द्यायला माझी हरकत नाही.

पाच सिनेमांवर चार-चार ओळी

सगळ्यांवर लिहायला जाऊ नका. पाच निवडा आणि त्यांत एक न आवडलेलाही घ्या. लिहिताना 'अप्रतिम छायाचित्रण, ताकदीचा अभिनय' या वाक्यांना बंदी. पुढच्या वर्षी वाचाल तेव्हा त्यांवरून सिनेमा ओळखता येणार नाही. त्याऐवजी एक जागा पकडा.

उदाहरणार्थ, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) यादीत असेल तर 'न्यायव्यवस्थेवरचं विदारक भाष्य' हे कुठल्याही परीक्षणात मिळेल. तुमची नोंद अशी हवी: 'न्यायालय रिकामं झालं, एकेक दिवा बंद झाला, पडदा काळा. वाटलं संपला. मग न्यायाधीश सहलीला गेलेले दिसले. बाकावर डुलकी लागलेली, पोरांनी ओरडून उठवलं तर एकाला थोबाडीत दिली आणि पुन्हा झोपले.' हे वाचलं की सिनेमा अख्खा समोर येतो आणि तुम्हाला तो का लागला तेही कळतं. 'संत तुकाराम' (१९३६) पाहिला असेल तर भक्तिरसावर निबंध नको. पोर आजारी पडल्यावर पायातली वहाण हातात घेऊन देवळात शिरणारी, विठोबालाच जाब विचारणारी जिजाई लिहा. दामले-फत्तेलालांचा हा सिनेमा नव्वदीच्या घरात आला, तरी ती बाई आजही जुनी वाटत नाही.

अर्ध्यात सोडलेल्यांपैकी एखाद्यावर दोन ओळी लिहिल्यात तर उत्तम. किती मिनिटांनी सोडला आणि नेमकं काय झाल्यावर सोडला, एवढंच.

रकाने वाचा

वही भरली की आडवी नाही, उभी वाचा. एकेक रकाना वरून खाली.

'प्रदर्शनाचं वर्ष' वाचताना बहुतेकांना धक्का बसतो. पाहिलेलं जवळजवळ सगळं गेल्या तीन-चार वर्षांतलं असतं. 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला तो ३ मे १९१३ रोजी. एवढ्या शंभरावर वर्षांतली किती दशकं तुमच्या वहीत आहेत ते मोजा. मराठीपुरतं बघा हवं तर: १९६० आधीचा एक तरी आहे का?

'कुणी सुचवला' हा माझ्या आवडीचा रकाना. तीन प्रकारची उत्तरं येतात: माणसांनी, अ‍ॅपने, गाजावाजाने. प्रत्येकातले किती सिनेमे फ्रिजवरच्या कागदावर पोचले ते पाहा. ज्या मामेबहिणीने सुचवलेले तीनही सिनेमे तुमच्या लक्षात राहिलेत, तिला पुढच्या वर्षी दर महिन्याला फोन लावा.

'कुणाबरोबर' मध्ये 'एकटा' किंवा 'एकटी' ओळीने येत असेल तर त्यात वाईट वाटायचं कारण नाही. काही सिनेमे एकट्यानेच पाहायचे असतात. पण आई-वडिलांना एकदाही थिएटरला नेलं नसेल, तर दुपारचा शो, मधल्या रांगेच्या कडेची खुर्ची आणि फार आवाज नसलेला सिनेमा, असा बेत लगेच आखता येतो.

पुढच्या वर्षाची सोय

वही याच वेळी आखून ठेवा आणि पाहिला त्या रात्री एकच ओळ लिहा. गुण त्या रात्री द्या, वर्षाअखेरीला शेजारी दुसरे द्या, पहिले खोडू नका. पाहायच्या सिनेमांची यादी पन्नासची करू नका, ती कुणी पुरी करत नाही. रकाने वाचताना जी खिंडारं दिसली त्यांतली दोनच बुजवायची ठरवा, समजा १९६० आधीचे तीन मराठी आणि एका नव्या भाषेतले दोन, मूळ आवाजात, सबटायटल्स लावून.

आणि हे सगळं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं असेल तर अख्खी वही टाकू नका. तीन नावं, प्रत्येकापुढे एक ओळ आणि तो कुठे पाहायला मिळतो ते. तिसरी गोष्ट विसरलात तर रात्री साडेदहाला काकांचा फोन येईलच.