हाक येऊ नये म्हणून आदल्या रात्रीची तयारी

मूल अर्धा तास एकटं काहीतरी कापत-चिकटवत बसेल आणि तेवढ्यात आपली दोन कामं उरकतील, या आशेने आपण रंगांचा डबा त्याच्या पुढ्यात ठेवतो आणि तिसऱ्या मिनिटाला हाक येते. ‘आई, झाकण निघत नाहीये.’ मग चिकटपट्टीचं टोक सापडत नाही. मग पाणी सांडतं. एकदा वैतागून मी या हाका चक्क मोजल्या. जवळजवळ सगळ्या दोनच प्रकारच्या निघाल्या: काहीतरी अडलंय, किंवा सगळं करून झालंय. मुलाला एकटं खेळता येत नाही असं नव्हतं, माझीच तयारी अर्धी होती. तेव्हापासून मुलाला कुठला खेळ द्यायचा यापेक्षा तो देताना हाक कुठे येईल, याचा विचार मी आधी करते. खालची तयारी साधारण ३ ते ५ वर्षांच्या मुलासाठी आहे. आपण त्याच खोलीत आहोत, मान वर केली की मूल दिसतंय, एवढं यात गृहीत आहे. दार लावून दुसऱ्या खोलीत बसायचं असेल तर पुढचं काहीच लागू नाही.

सामान जमवण्याआधी काय बाजूला काढायचं ते ठरवा. टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी टाकू नका. ती साधारण ४ सेंमी रुंद असते आणि तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते. खेळणी तपासायचं नळकांडं याहून थोडं अरुंद, ३.१७ सेंमीचं असतं, म्हणजे आपली नळी जरा जास्तच कडक परीक्षा घेते. ते बरंच आहे. मणी, बटणं, चिकटवायचे प्लास्टिकचे डोळे या नळीत नापास होतात. ३ वर्षांखालच्या मुलाला यातलं काहीच नको, आणि मोठं असूनही हाताला लागेल ते तोंडात घालणाऱ्या मुलालाही हाच नियम. घरात रांगणारं भावंड असेल तर सगळी तयारी त्या धाकट्याच्या वयाची करा, कारण खाली पडलेलं सगळं त्यालाच सापडतं.

काही गोष्टी मात्र वय कितीही असो, या डब्यात येताच कामा नयेत. गाणं वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रात किंवा लुकलुकणाऱ्या दिव्यात चपटी गोल बॅटरी असते. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर २ तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. म्हणून असं जुनं कार्ड कापायला देण्याआधी ते उघडून बघाच, आणि मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा. ताकदीचे छोटे लोहचुंबकही नकोत. दोन पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात. चमकी डोळ्यात गेली तर डोळ्याला ओरखडा पडू शकतो. शिवाय ती महिनाभर घरभर सापडत राहते, त्यामुळे चमकीवर माझा तसाही राग आहे.

आता जागा. मुलाचे पाय जमिनीला टेकतील असं बुटकं टेबल उत्तम, नाहीतर सरळ फरशी. काठ असलेला एखादा जुना ट्रे घ्या. ‘सगळं या ट्रेच्या आत’ ही सूचना मुलाला लगेच कळते, ‘पसारा करू नकोस’ ही कळत नाही. कागदाचे चारही कोपरे खाली चिकटवून टाका. एका हाताने कागद धरून दुसऱ्याने रेघ ओढायची हे या वयात बऱ्याच मुलांना अजून नीट जमत नसतं, कागद सरकतो आणि चिडचिड सुरू होते. बाजूला एक ओलं फडकं, मुलाचा हात पोचेल असं. बोट चिकट झालं म्हणून येणारी हाक त्यानेच थांबते.

खरा वेळ सामान उघडून ठेवण्यात जातो आणि तो द्यायलाच हवा. स्केचपेनची प्रत्येक टोपी एकदा काढून सैल बसवा. वाळलेली पेनं तिथल्या तिथे फेका, नाहीतर दर मिनिटाला ‘हे येत नाही’ ऐकू येईल. ग्लू स्टिक एका सेंटीमीटरहून जास्त वर काढू नका. ती पूर्ण वर फिरवून मोडणं हाच मुलांच्या दृष्टीने तिचा मुख्य उपयोग असतो. स्टिकरच्या पानावर स्टिकरभोवतीचा जो रिकामा चिकट कागद असतो, तो आधी सोलून काढा. मग स्टिकरच्या कडा मोकळ्या होतात आणि लहान बोटांनाही ते निघतात. हे एवढंसं काम, पण माझ्याकडे सगळ्यात जास्त हाका यानेच कमी झाल्या. चिकटपट्टीचे पंधरा-वीस तुकडे आधीच फाडून ट्रेच्या काठाला ओळीने लावून ठेवा. पारदर्शक पट्टीपेक्षा रंगारी वापरतात ती कागदी पट्टी घ्या. ती हाताने फाटते आणि चुकीच्या जागी लागली तर निघते.

कात्री देणार असाल तर बोथट टोकाची, पण आधी स्वतः कापून बघा. नुसती बोथट आणि बिनधारेची कात्री कागद चघळते. मूल डावखुरं असेल तर डावखुऱ्यांची कात्री आणा. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कागद कापायऐवजी मध्येच दुमडतो. अशी कितीतरी मुलं ‘हिला कापता येत नाही’ म्हणून उगाच बोलणी खात असतील. कापायला आख्खा कागद नको. जुन्या कार्डांच्या किंवा पातळ पुठ्ठ्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या द्या, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो. पातळ कागद लिबलिबतो, जाड बरा. अर्थात कात्री हातात असेपर्यंत आपली नजर कागदपत्रांत बुडालेली नको. ज्या दिवशी फोन महत्त्वाचा आहे त्या दिवशी कात्रीला सुट्टी आणि कागद हाताने फाडायला द्या. फाडायलाही मुलांना तितकंच आवडतं.

काय करायला द्यायचं? माझ्या मते पहिला मान कागदी चिकटपट्टीचा. फरशीवर तिचे रस्ते आखून ठेवा, चौक आणि वळणं करा, दोन-चार रिकामी खोकी घरं म्हणून मांडा. पुढचं मूल स्वतःच वाढवतं आणि हा खेळ दुसऱ्या दिवशीही पुरतो. त्याखालोखाल चिकट भिंत. वह्यांना घालतात तसला पारदर्शक चिकट कागद उलटा, म्हणजे चिकट बाजू बाहेर ठेवून, मुलाच्या छातीच्या उंचीवर लावायचा. लोकरीचे तुकडे, कागदाचे कपटे, वाळकी पानं द्यायची. गोंद नाही, सांडणं नाही. तिसरं म्हणजे नुसत्या पाण्याने रंगवणं: काळा पुठ्ठा, जाड ब्रश आणि वाटीच्या तळाशी दोन बोटं पाणी. चित्र वाळून नाहीसं होतं आणि मूल पुन्हा सुरू करतं. पाणी वाटीतच द्या, बादली कधीच नाही. काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

रात्री वेळ असेल तर पांढऱ्या रंगखडूने पांढऱ्या कागदावर मासा, चांदणी, मुलाचं नाव असं काहीतरी दाबून काढून ठेवा. सकाळी पातळ जलरंग फिरवला की मेणावर पाणी ठरत नाही आणि चित्र उमटतं. रंग दोनच द्या. चार दिले की पाच मिनिटांत सगळ्याचा चिखल होतो. रंगखडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले तर मूल ते आपोआप चिमटीत धरतं, पण हे तुकडे त्या नळीतून जातात, तेव्हा तोंडात न घालणाऱ्या मुलासाठीच.

मळायचा गोळा घरी होतो. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ चमचे तेल आणि थोडं थोडं करत पाऊण वाटीच्या आसपास पाणी. हाताला चिकटेनासा झाला की झाला. बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला तर बरेच दिवस टिकतो. मात्र त्यात मीठ भरपूर असतं, त्यामुळे गोळा खाणाऱ्या मुलाला एकटं देऊ नका, घरातल्या कुत्र्यालाही मिळू देऊ नका. गव्हाची ॲलर्जी असेल तर हा नाहीच. लोकर ओवणं, मण्यांच्या माळा हे प्रकार मी या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. लांब दोरा गळ्याभोवती जातो. ते शेजारी बसून करायचं काम.

राहिली ‘झालं’ची हाक. तिच्यासाठी दुसरा खेळ पहिल्याच्या खाली लपवा. ट्रेमध्ये कागद, कागदाखाली एक पाकीट, पाकिटात स्टिकर. पाकीट मिळाल्याचा आनंदच दहा मिनिटं विकत घेतो. सगळं सामान एकदम मांडलं तर मूल सगळ्याला एकेक बोट लावून उठतं. आणि सुरुवातीला पाच मिनिटं शेजारी बसा, पहिला तुकडा तुम्ही चिकटवा, मग हळूच उठा. हा प्रयोग महत्त्वाच्या फोनच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. एखाद्या निवांत सकाळी करून बघा आणि हाका मोजा.

ओली चित्रं वाळवायची जागा आधी ठरवलेली असू दे, आडवी आणि हात न पोचणारी. नाहीतर ती हातात धरून मूल घरभर तुम्हाला शोधत येतं. शेवटी टोप्या घट्ट बसवा, ब्रश धुवा, बॅटरीवालं काही ट्रेमध्ये आलं नाही ना ते पुन्हा एकदा बघा. आणि चिकटपट्टीचं टोक अर्धा सेंटीमीटर आत दुमडून ठेवा, म्हणजे सकाळी ते सापडेल.